पायाळूचा पाय : कंबरदुखीच्या उपचारांचा इतिहास

कंबरदुखीचा इतिहास लिहावा असें इतिहासाच्या अभ्यासकास सहसा सुचत नाहीं. लढाया, तह आणि राज्यारोहणें ह्यांचीं टिपणें ज्यांनीं ठेविलीं, त्यांचें लक्ष वाकून कापूस वेंचणाऱ्या बाईच्या अथवा पोतें उचलणाऱ्या हमालाच्या पाठीकडे क्वचितच गेलें. परंतु नुसत्या संख्येचा विचार केला तरी एवढें मोठें दुःख दुसरें सांपडणें कठीण. २०२० सालीं साऱ्या जगांत सुमारें ६१ कोटी ९० लक्ष माणसें ह्या एका व्याधीनें पीडित होतीं असा जाणत्यांचा अंदाज आहे. अशा सार्वत्रिक दुखण्यावर माणसानें कोणते उपाय केले, त्यांचीं कारणें कशीं सांगितलीं आणि त्यांतलें खरें काय ठरलें, हें पाहणें केवळ वैद्यांचें काम नव्हे. तो मानवी बुद्धीच्या इतिहासाचाच एक भाग आहे. आम्ही मात्र ह्या विषयाकडे ग्रंथांच्या वाटेनें आलों नाहीं. आम्ही स्वतः पायाळू आहों.

जन्मतांना ज्याचे पाय प्रथम बाहेर येतात तो पायाळू. पायाळू माणसास भूमींतलें पाणी व पुरलेलें धन दिसतें, पावसाळ्यांत त्याच्यावर वीज पडण्याचें भय असतें, आणि उसण भरलेल्या पाठीस त्याचा पाय लागला असतां उसण उतरते, अशा समजुती महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं आढळतात. आमचें बालपण वर्ध्यास लागून असलेल्या बोरगांव मेघे येथें गेलें. आज वर्धा शहर वाढत वाढत ह्या गांवास येऊन भिडलें आहे. आमच्या लहानपणीं मात्र बोरगांव हें शेतांनीं वेढलेलें खेडें होतें. कापसाचा वेंचा सुरू झाला कीं कंबर धरलेलीं माणसें सकाळींच आमच्या ओसरीवर येत. अंगणांत गोधडी घालून तीं पालथीं निजत आणि आमची आजी आम्हांस झोंपेंतून उठवून आणी. उजव्या पायानें कंबरेवर तीन वेळां लाथ मारावयाची, मधें बोलावयाचें नाहीं, एवढाच विधि. “जोरानं मार बापू, लाजू नोको,” असें एक म्हातारी दर खेपेस म्हणे. आणि उठून, दोनदां वाकून पाहून, “उतरली” म्हणत समाधानानें निघून जाई. आम्हांस गुळाचा खडा मिळे. आठ-नऊ वर्षांच्या मुलास ह्यापरता सन्मान तो कोणता असणार?

ह्या वैद्यकीचा शेवट आमच्या घरींच झाला. आमच्या मोठ्या आई, म्हणजे थोरल्या काकांच्या पत्नी, ह्यांची कंबर एका हिवाळ्यांत दुखूं लागली. आम्हीं नित्याप्रमाणें पाय लावला. दोन दिवस बरें वाटलें, पुन्हां दुखणें आलें, पुन्हां पाय लावला. मग एका हाडवैद्यानें “मणका सरकला आहे” असें सांगून तेल चोळलें व कंबर ओढली. संध्याकाळीं त्यांचें अंग कोमट लागे, जेवण कमी झालें होतें, रात्रीं कूस बदलतांना त्या कण्हत. परंतु ह्या गोष्टींचा कंबरेच्या दुखण्याशीं संबंध असेल असें घरांत कोणास वाटलें नाहीं. असे दोन महिने गेले. एके सकाळीं न्हाणींतून उठतांना त्यांचे पाय लटपटले आणि त्या खालीं बसल्या त्या उठेनात. इस्पितळांत क्ष-किरणांचें चित्र घेतल्यावर कळलें कीं, हा मणक्याचा क्षय आहे. वर्षाहून अधिक काळ औषधें चाललीं. प्राण वांचला, परंतु हातांतली काठी अखेरपर्यंत सुटली नाहीं. पुष्कळ वर्षांनीं आम्हीं एका डॉक्टर स्नेह्यास विचारलें, “आमच्या लाथांनीं तर हें झालें नसेल?” ते म्हणाले, “लहान मुलाच्या पायानें मणका मोडत नाहीं. जे दोन महिने फुकट गेले, त्यांनीं तो मोडला.” ह्या उत्तरानें आमचें पुरतें समाधान आजहि झालेलें नाहीं, परंतु प्रस्तुत लेखाचा सारा विषय त्या उत्तरांत आहे.

दुखऱ्या कंबरेवर उपचार करणारा हात ही एक गोष्ट. त्या हातानें बरें कां वाटतें हें सांगणारी कल्पना ही दुसरी. आणि हा हात कोठें लावूं नये हें ओळखणारें निदान ही तिसरी. ह्या तिहींचे इतिहास निरनिराळे आहेत. हात फार जुना आहे व तो फारसा बदललेला नाहीं. कल्पना वारंवार बदलल्या आहेत आणि बहुतेक खोट्या ठरल्या आहेत. निदान मात्र हळूहळू व मोठ्या कष्टानें सुधारत आलें आहे. वाचकांनीं हा भेद मनांत ठेवला तर पुढील हकीकत समजण्यास सोपी जाईल.

आपल्या प्राचीन वैद्यकांत ह्या तिन्ही गोष्टींचा विचार झालेला दिसतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत वातव्याधींच्या अध्यायांत ‘गृध्रसी’ नांवाचा विकार वर्णिला आहे. वेदना कुल्ल्यापासून निघून कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल अशी क्रमानें पसरते. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हें नांव, असें सामान्यतः सांगतात. आज ज्यास सायाटिका म्हणतात तो हाच विकार, हें वर्णनावरून सहज ओळखूं येतें. सुश्रुतसंहितेंत मोडलेल्या हाडांचा व निखळलेल्या सांध्यांचा स्वतंत्र विचार आहे. सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथें सांगितले आहेत. उपचारांत ओढणें, दाबणें, जागीं बसविणें व बांधणें ह्या क्रिया दिल्या आहेत. मांडी अथवा पोटरी मोडलेल्या माणसास हालचाल होऊं नये म्हणून फळीवर निजवून खुंट्यांस बांधावें, असेंहि सांगितलें आहे. कंबरेचा सांधा वर किंवा खालीं सरकला असल्यास तो ओढून जागीं आणावा व मग बस्ति द्यावा, असा उपाय त्यांत आढळतो.

परंतु आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. निदानस्थानांत सुश्रुतानें कोणते भंग वैद्यानें सोडून द्यावे ह्याची गणना केली आहे, आणि तींत कटीच्या फुटलेल्या चपट्या हाडाचा व तेथील निखळलेल्या सांध्याचा उल्लेख आहे. उपाय सांगणाऱ्या ग्रंथानेंच उपायाची सीमाहि सांगावी, ह्यांत खऱ्या शास्त्रबुद्धीची खूण दिसते. दुर्दैवानें पुढील काळांत हाड बसविण्याची विद्या ग्रंथ वाचणाऱ्यांच्या हातून सुटून तालमींतल्या वस्तादांच्या, मर्दन करणाऱ्यांच्या आणि घराणेदार हाडवैद्यांच्या हातीं गेली. हात जिवंत राहिला. सोडून देण्याची ती यादी मात्र पोथींतच राहिली.

ग्रीक लोकांतहि हेंच दृश्य दिसतें. हिपोक्रेटिसच्या नांवावर असलेल्या सांध्यांविषयींच्या ग्रंथांत रोग्यास फळीवर पालथें बांधून दोन्ही टोंकांकडून ताणावें आणि पाठीच्या उंचवट्यावर हातानें, पायानें अथवा वर बसूनहि दाब द्यावा, असें सांगितलें आहे. आमच्या अंगणांतला विधि त्या ग्रंथकारास फारसा परका वाटला नसता. परंतु त्याच ग्रंथांत, रोग्यास शिडीस बांधून वरून खालीं आदळणाऱ्या वैद्यांची चांगली खरडपट्टी काढली आहे. गर्दीस थक्क करण्यासाठींच असे प्रकार केले जातात, असा ग्रंथकाराचा आक्षेप आहे. शिवाय पाठीस येणारें कुबड आणि फुप्फुसांतल्या गांठी ह्या पुष्कळदां एकत्र आढळतात, हेंहि त्यानें टिपून ठेविलें आहे. मणक्याच्या क्षयाची ही फार जुनी चाहूल होय.

ग्रंथ सोडून लोकरूढीकडे पाहिलें तर आश्चर्य अधिकच वाढतें. पायाळूचा गुण ही केवळ आपल्याकडची समजूत, अशी आमची कित्येक वर्षें कल्पना होती. परंतु ईशान्य स्कॉटलंडमधील लोकरूढींचा संग्रह वॉल्टर ग्रेगर ह्या पाद्र्यानें १८८१ सालीं प्रसिद्ध केला, त्यांतहि पाय आधीं येऊन जन्मलेल्या माणसांच्या अंगीं लचक व कंबरदुखी बरी करण्याची शक्ति असते, आणि तीं माणसें दुखरा भाग चोळून अथवा तुडवून ती शक्ति वापरतात, असें नमूद आहे. वर्ध्याच्या काळ्या मातींत आणि स्कॉटलंडच्या थंडींत एकच समजूत कशी उगवली, ह्याचें उत्तर आम्हांस देतां येत नाहीं. परंतु पाठ तुडविल्यानें बरें वाटतें हा अनुभव दोन्हींकडे आधीं आला असावा आणि पायाळूची कथा मागून जोडली गेली असावी, असा आमचा तर्क आहे. १७७७ सालीं कॅप्टन कुक ताहिती बेटावर असतां त्याच्या कुल्ल्यापासून पावलापर्यंत एका बाजूस वेदना होत होती. तेथील बारा धिप्पाड स्त्रियांनीं त्याला मधें निजवून इतकें रगडलें कीं हाडें कडकडलीं. असें तीन-चार वेळां झाल्यावर आपण बरे झालों, असें त्यानें रोजनिशींत लिहून ठेविलें आहे. कुकच्या दुखण्याचें स्वरूप चरकाच्या गृध्रसीशीं किती जुळतें हें वाचकांनींच पाहावें.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतल्या सुशिक्षित डॉक्टरांस ह्या हाडवैद्यांची दखल घेणें भाग पडलें. सर जेम्स पॅजेट ह्या प्रख्यात शल्यवैद्यानें १८६७ सालीं हाडवैद्यांच्या हातून बऱ्या होणाऱ्या रोग्यांविषयीं एक व्याख्यान दिलें. तुमच्यांपैकीं प्रत्येकास असा एखादा प्रतिस्पर्धी भेटणारच. त्याची निंदा करीत बसण्यापेक्षां त्याच्याजवळ जें चांगलें आहे तें शिका आणि जें घातक आहे तें टाळा, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. पुढें व्हार्टन हूड नांवाच्या डॉक्टरानें लंडनच्या रिचर्ड हटन ह्या हाडवैद्याची कला प्रत्यक्ष पाहून १८७१ सालीं पुस्तक लिहिलें. त्यांत एक मार्मिक गोष्ट आहे. हाडवैद्य प्रत्येक रोग्यास “हाड जागचें निसटलें आहे” असें सांगतो आणि झटका देऊन तें “बसवितो”. वस्तुतः हाड निसटलेलें नसतेंच, आखडलेला सांधा मोकळा होतो एवढेंच घडतें. उपचार खरा, कारण खोटें, हा भेद हूडनें असा स्पष्टपणें मांडला.

त्या खोट्या कारणाचेंच पुढें अमेरिकेंत एक शास्त्र झालें. अँड्र्यू टेलर स्टिल ह्यानें १८७४ सालीं ऑस्टिओपॅथी नांवाची पद्धति पुढें मांडली आणि १८९२ सालीं कर्क्सव्हिल येथें तिची शाळा काढली. त्यानंतर आयोवा संस्थानांतील डेव्हनपोर्ट गांवीं डॅनियल डेव्हिड पामर हा गृहस्थ पुढें आला. तो लोहचुंबकी उपचार करीत असे. १८९५ च्या सप्टेंबरांत त्यानें हार्व्ही लिलर्ड नांवाच्या, सतरा वर्षें ऐकूं न येणाऱ्या झाडूवाल्याच्या पाठींतला एक उंचवटा दाबून बसविला आणि त्यास ऐकूं येऊं लागलें, अशी त्याच्या पद्धतीच्या जन्माची कथा आहे. सॅम्युअल वीड ह्या पाद्र्यानें ग्रीक शब्दांवरून तिला ‘कायरोप्रॅक्टिक’, म्हणजे हातानें करावयाची क्रिया, असें नांव दिलें. ज्या पद्धतीनें पुढें जगभर कंबरदुखीवर अधिकार सांगितला, तिचा आरंभ कानाच्या दुखण्यापासून झाला, हें कौतुकाचें आहे. पामरनें १९१० सालच्या ग्रंथांत शेंकडा ९५ रोग मणके सरकल्यामुळें होतात, असें प्रतिपादन केलें. ह्या अर्धवट निखळण्यास तो ‘सबलक्सेशन’ म्हणे.

कायरोप्रॅक्टर निदान करतो तें मुख्यतः बोटांनीं. मणक्यांचीं टोंकें चांचपणें, स्नायु कोठें ताठले आहेत तें पाहणें, दोन्ही पायांची लांबी ताडून श्रोणि एका बाजूस कललेली आहे कीं काय तें ठरविणें, अशी ही रीत आहे. उपचाराच्या वेळीं रोग्यास कुशीवर निजवितात, वरचा गुडघा दुमडतात, एका हातानें खांदा स्थिर धरून दुसऱ्या हातानें कंबरेस थोड्याच अंतराचा पण झटक्याचा दाब देतात. त्यासरशीं बहुधा ‘कट्’ असा आवाज होतो आणि रोग्यास वाटतें, हाड बसलें. हा आवाज हाडाचा नव्हे. सांध्यांतील द्रवाचा दाब एकाएकीं उतरून तेथें वायूची पोकळी होते, हें लीड्स येथील संशोधकांनीं १९७१ सालीं बोटाच्या सांध्यावर दाखविलें, आणि २०१५ सालीं चुंबकीय चित्रणानें ती पोकळी होतांना प्रत्यक्ष पाहण्यांतहि आली.

ह्या ठिकाणीं एका योगायोगाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. पामरनें लिलर्डची पाठ दाबली त्यानंतर दोन महिने उलटण्याच्या आंतच, ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं, जर्मनींत राँटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला. आतां मणका सरकला कीं नाहीं हा वाद प्रत्यक्ष चित्रानें मिटावा, असें कोणासहि वाटेल. झालें उलटेंच. कायरोप्रॅक्टरांनींहि क्ष-किरण आपलेसे केले आणि प्रत्येक किंचित् वाकड्या रेषेंत त्यांस आपला सिद्धांत दिसूं लागला. मनांत आधीं ठरलेली गोष्ट डोळ्यांस दिसणें ही चूक केवळ त्यांचीच नव्हती. बोस्टनचे गोल्डथ्वेट व ऑस्गुड ह्या नामांकित डॉक्टरांनीं १९०५ सालीं श्रोणीच्या सांध्याकडे, म्हणजे त्रिकास्थि व कटीचें हाड जेथें जुळतात त्या सांध्याकडे, लक्ष वेधलें. आणि पुढें सुमारें तीस वर्षें बहुतेक कंबरदुखी व सायाटिका ह्यांचें खापर त्या एका सांध्यावर फुटत राहिलें. कित्येकांचे ते सांधे शस्त्रक्रियेनें कायमचे जखडूनहि टाकण्यांत आले. १९३४ सालीं बोस्टन येथीलच मिक्स्टर व बार ह्यांनीं मणक्यांमधील गादी फुटून नसेवर दाब येतो हें सप्रमाण दाखविलें. लगेच श्रोणीचा सांधा विस्मृतींत गेला आणि जो तो गादीकडे बोट दाखवूं लागला. आज आपल्या घराघरांत “गादी सरकली” हे शब्द ऐकूं येतात, ते तेव्हांपासूनच्या वाऱ्याचे.

तेव्हां विद्वानांची कल्पना ही अडाण्यांच्या कल्पनेपेक्षां नेहमींच सरस असते असें नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंत कंबर मुळींच दुखत नसलेल्या ९८ माणसांचीं चुंबकीय चित्रें घेण्यांत आलीं, तर निम्म्याहून अधिकांच्या कोणत्या ना कोणत्या मणक्याची गादी फुगलेली आढळली. आणि १९९८ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं श्रोणीच्या सांध्याच्या दहा रोग्यांच्या हाडांत धातूचे सूक्ष्म मणी बसवून, झटक्याच्या उपचारापूर्वीं व नंतर हाडांची जागा अचूक मोजली. उपचारानंतर परीक्षकांच्या बोटांस सारें जागेवर आल्याचें वाटलें. मोजमापांत मात्र हाडांच्या जागेंत फरक आढळला नाहीं. हा सांधा हलतो तो मुळींच दोन-तीन अंशांपलीकडे नाहीं. हूडनें १८७१ सालीं जें ताडलें होतें, तें सव्वाशें वर्षांनीं मण्यांच्या साह्यानें सिद्ध झालें.

पश्चिमेकडे हे सिद्धांत बनत आणि मोडत असतां आपल्याकडे जुनी विद्या कोणत्या स्थितींत होती? तिचें सर्वांत तेजस्वी स्वरूप मराठी माणसास बडोद्यांत दिसलें. तेथील जुम्मादादांच्या तालमीचे वारस राजरत्न प्रा. माणिकराव हे व्यायामाचार्य म्हणून जितके प्रसिद्ध होते तितकेच हाड बसविणारे म्हणूनहि होते. त्यांच्या व्यायाममंदिरांत एकीकडे मल्लखांब व लाठी चाले आणि दुसरीकडे मुरगळलेले, निखळलेले लोक येऊन बसत. तालमींत ही विद्या वाढावी हें स्वाभाविकच होतें. ज्याचा हात रोज शंभर निरोगी पाठींवरून फिरतो, त्यासच दुखरी पाठ वेगळी लागते. बडोद्यासच द. चिं. मुजुमदार ह्यांनीं ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध करून ह्या देशी शारीरविद्येस छापील रूप दिलें. माणिकरावांच्याच हाताखालीं जगन्नाथ गणेश गुणे हे तरुण तयार झाले. तेच पुढें स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. त्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि आसनें करतांना शरीरांत काय घडतें हें क्ष-किरणांनीं व मोजमापांनीं तपासण्यास आरंभ केला. गुरूचा अनुभव शिष्यानें प्रयोगशाळेंत नेला. हाडवैद्याच्या विद्येसहि असा एखादा शिष्य लाभता तर तिची आज निराळी अवस्था दिसली असती.

आमच्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर स्पर्शाच्या उपचाराची एक निराळी आठवण सेवाग्रामास आहे. गांधीजी १९३६ सालीं तेथें राहावयास आले. कुष्ठानें पीडित झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री ह्यांस त्यांनीं आश्रमांत ठेवून घेतलें आणि स्वतःच्या हातांनीं ते त्यांचें मर्दन करीत. ज्यास कोणी शिवत नाहीं त्याला रोज एक हात लागतो, ह्या गोष्टीचें मोल औषधाच्या मापानें मोजतां येत नाहीं. हाताच्या उपचारानें बरें वाटण्यांत ह्या स्पर्शाचा वांटा केवढा असतो, हें पायाळूस, हाडवैद्यास आणि कायरोप्रॅक्टरासहि सारखेंच लागू आहे.

आतां निदानाकडे वळूं. ज्या विकारानें आमच्या मोठ्या आईंस गांठलें, त्यांतील पाठीचें वांकणें व पायांची शक्ति जाणें ह्यांचा संबंध पर्सिव्हल पॉट ह्या लंडनच्या शल्यवैद्यानें १७७९ सालीं दाखवून दिला. त्यामागचा जंतु रॉबर्ट कोख ह्यानें १८८२ सालीं शोधला. सायाटिका ओळखण्यासाठीं रोग्यास उताणें निजवून गुडघा न वाकवितां पाय वर उचलण्याची परीक्षा आज प्रत्येक विद्यार्थी शिकतो. ती फ्रेंच वैद्य लासेग ह्यांच्या नांवानें ओळखली जाते, परंतु लिहून प्रसिद्ध केली ती त्यांच्या फोर्स्ट नांवाच्या शिष्यानें, १८८१ सालीं. श्रोणीच्या सांध्याचें दुखणें ओळखतांना एका परीक्षेवर विसंबतां येत नाहीं. सांध्यावर निरनिराळ्या दिशांनीं ताण देणाऱ्या अनेक परीक्षा एकदम दुखऱ्या निघाल्या तरच त्याच्यावर संशय धरतात. हीं सारीं साधनें एक गोष्ट सांगतात. बहुतेक कंबरदुखी कोणत्याहि एका हाडाच्या माथीं मारतां येत नाहीं, आणि ती बहुधा कांहीं आठवड्यांत आपोआप उतरते. परंतु थोड्या रोग्यांत तिच्या आड क्षय, अर्बुद, मोडलेलें हाड किंवा दबलेली नस लपलेली असते; आणि तीं थोडीं माणसें वेळींच निवडून काढणें, हें निदानाचें पहिलें कर्तव्य होय.

म्हणून जेथें ताप व वजन घटणें कंबरदुखीच्या सोबतीस आहे, जेथें दुखणें रात्रीं स्वस्थ पडूं देत नाहीं, जेथें पायांतली शक्ति जात आहे, बसण्याच्या जागीं बधिरपणा आला आहे किंवा लघवीवरचा ताबा सुटत आहे, जेथें पूर्वीं कर्करोग होऊन गेला आहे, किंवा वृद्ध माणूस पडल्यानंतर दुखणें सुरू झालें आहे, तेथें कोणाचाहि हात वा पाय लागण्यापूर्वीं डॉक्टरांचा डोळा लागला पाहिजे. सुश्रुताची सोडून देण्याची यादी काळानुरूप पुन्हां लिहावयाची झाल्यास ती अशी लिहावी लागेल.

मग हाताच्या उपचारांत कांहींच अर्थ नाहीं काय? असें म्हणणेंहि इतिहासास सोडून होईल. अमेरिकेंतल्या वैद्यसंघानें कायरोप्रॅक्टरांस अशास्त्रीय ठरवून त्यांच्याशीं व्यवहार करणेंच आपल्या सभासदांस निषिद्ध केलें होतें. चेस्टर विल्क व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७६ सालीं फिर्याद केली, आणि १९८७ सालीं न्यायालयानें वैद्यसंघाचा हा बहिष्कार बेकायदा ठरविला. कायरोप्रॅक्टिकचा सिद्धांत खरा, असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. परंतु त्यानंतर मत्सराऐवजीं मोजमापाचें युग आलें. डिसेंबर २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें जुनाट कंबरदुखीविषयीं, म्हणजे जिच्यामागें दुसरा रोग नाहीं अशा कंबरदुखीविषयीं, मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यांत रोग्यास नीट समजावून सांगणें व व्यायाम ह्यांबरोबर मणक्यांवरील हाताचे उपचार आणि मर्दन ह्यांसहि जागा मिळाली आहे. वजनानें ताण देण्याचा उपाय, कंबरपट्टे आणि अफूच्या जातीचीं वेदनाशामकें ह्यांस मात्र नाहीं. लाभ होतो तो बेताचा, आणि पुरावाहि फार बळकट नाहीं, अशी पुस्ती ह्या उपचारांस जोडावी लागते. तथापि पॅजेटनें केलेला उपदेश शंभराहून अधिक वर्षांनीं कां होईना, अंमलांत आला, असें म्हणतां येईल.

ह्याउलट, खोट्या कारणानें होणारें नुकसान लोकांच्या लक्षांत येत नाहीं. ज्या माणसास “तुझा मणका सरकला आहे”, “तुझी श्रोणि वांकडी आहे” असें एकदां सांगितलें, तो पुढें जन्मभर आपली पाठ कांचेची असल्याप्रमाणें जपतो. वाकत नाहीं, ओझें उचलीत नाहीं, मुलास कडेवर घेत नाहीं. आणि दर महिन्यास हाड बसवून घेण्यास जातो. हालचाल हेंच ज्या दुखण्याचें मुख्य औषध, त्याचा रोगी अशा एका वाक्यानें अंथरुणास खिळतो. गादी फुगल्याचें चित्र दाखवून घाबरविणारा पदवीधर आणि मणका सरकल्याचें सांगणारा हाडवैद्य ह्यांच्यांत ह्या बाबतींत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

आमचें बोरगांव आज पूर्वींचें राहिलेलें नाहीं. एका बाजूस सेवाग्रामास १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, दुसऱ्या बाजूस सावंगी मेघे येथेंहि मोठें रुग्णालय व महाविद्यालय उभें आहे, आणि तेथें शरीराच्या हालचालींचे उपचार शास्त्रशुद्ध रीतीनें शिकविले जातात. तरीहि गेल्या पौषांत शेजारचे एक वृद्ध शेतकरी सकाळींच आमच्या दारीं आले. तुरीचें पोतें उचलतांना कंबर धरली होती. “सर, तुम्ही पायाळू हाय म्हनतेत. जरा पाय लावून द्या,” असें म्हणून ते खालीं बसूं लागले. आम्हीं त्यांस खुर्चीवर बसविलें आणि विचारलें: ताप येतो काय? रात्रीं झोंप लागते काय? पायांत मुंग्या, बधिरपणा? लघवी ठीक होते? अंग उतरलें आहे काय? सर्व उत्तरें समाधानकारक होतीं. दुखणें कालचेंच होतें. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, अंथरूण धरूं नका, सोसेल तेवढें चाला, शेकून घ्या. आठ-पंधरा दिवसांत उतार न पडला तर सावंगीस जाऊं, आम्ही बरोबर येतों.

त्यांनीं सारें ऐकून घेतलें आणि पुन्हां पायाविषयीं विचारलें. आम्ही थोडा वेळ गप्प राहिलों. चाळीसांहून अधिक वर्षांत आम्हीं कोणाच्या पाठीस पाय लावला नव्हता. मग सतरंजी आणली, त्यांस पालथें निजविलें, आणि पायाऐवजीं दोन्ही हातांनीं त्यांची कंबर थोडा वेळ हळूहळू चोळून दिली. पायाळूच्या गुणाविषयीं आम्हीं कांहीं बोललों नाहीं. ते उठले, दोनदां वाकून पाहिलें, आणि “थोडी उतरली” म्हणाले. बाराव्या दिवशीं ते शेतावर जातांना दिसले. आपल्याला पाय न लावतां हात कां लावला, हें मात्र त्यांनीं आजतागायत विचारलेलें नाहीं.